मरणाचा सीन माझा होता

मी कॉमेट बोलतोय. तांबूस अंगाचा, कपाळावर पांढरा चांद असलेला सिनेमातला घोडा. कॅलिफोर्नियातल्या एका कुरणावर जन्मलो आणि ओपल टिडवेलच्या हाताखाली वाढलो. आडवं पडून मरायला तिनेच मला शिकवलं. मी असा मरायचो, की शूटिंग बघायला आलेल्या बायका तोंडावर हात धरायच्या. ओपल मात्र हसून गाजर द्यायची.

मग तो एमस रेनफ्रो आला. तंबूतली नाटकं करून घसा बसलेला, उतारवयाचा नट. सिनेमा अगदीच स्वस्तातला. सेटवरच्या गावातल्या घरांना नुसत्या पुढच्या भिंती. गोष्टीत दुष्काळ पडतो आणि एक म्हातारा पाय मोडलेल्या आपल्या घोड्याला गोळी घालतो. म्हणजे सीन माझाच की! पण तालमीत एमसने नुसती बंदूक उचलली आणि ओपल डोळे पुसू लागली. माझ्यासाठी तिने कधी टिपूस गाळलं नव्हतं. नुसता जळफळाट झाला माझा.

कॅमेरा सुरू झाला. एमसचं बोलणं ऐन रंगात आलं आणि मी, मरायला टेकलेल्या घोड्याने, मान उचलून त्याची हॅट दातांत धरली. सगळे खो खो हसले.

दिग्दर्शक लायमन तेवढा हसला नाही. "ओपल, तुझ्या लाडोबाला आवर! आता एका वेळेपुरतीच फिल्म उरलीय. पुन्हा बिघडलं तर सीनच कापून टाकीन."

"जळतोय मेला," ओपल म्हणाली.

"जळू दे गं," एमस म्हणाला. "नटच आहे तो. त्याला गाजरं आणि मला रोज डब्यातला घेवडा. मी नाही का जळत?"

दुसऱ्या वेळी तो ठरलेलं काहीच बोलला नाही. गुडघे टेकून बसला. माझ्या पापणीवरची माशी हाकलली, मग डोळ्यांवर तळहात ठेवला. बंदुकीचा खटका कट्कन वाजला. मला वाटलं, हा खरंच मारणार! अंग शहारलं, पाय आपसूक ताठरले. शिकलेलं सगळं विसरलो.

सिनेमा चालला. पेपरात एमसचं नाव आलं, मोठ्या कंपनीने त्याला बोलावून घेतलं.

आता माझे दात झिजलेत. ओपल भिजवलेला कोंडा भरवते. परवा गावातल्या थिएटरात तोच सिनेमा पुन्हा लागला. दुपारचा खेळ बघून ती आली ती डोळे सुजवून. माझ्या मानेला मिठी मारून म्हणाली, "काय काम केलंय रे एमसने! तूसुद्धा बरा होतास हं."

'सुद्धा'!

तुम्हाला तो सिनेमा कधी दिसलाच, तर एवढं करा. त्याच्या तोंडावरची नजर क्षणभर काढा. जरा खाली बघा.

तिथे मी मरतोय.