फिकट जांभळा

खडू फळ्यावर टेकला होता आणि पुढे सरकत नव्हता. चाळीस मुली श्वास रोखून बसल्या होत्या. शेवटच्या बाकावर मुख्याध्यापिका होत्या, हातात उघडं पेन. नव्या मॅडमना कायम करायचं की नाही, ते आजच्या तासावर ठरणार होतं.

पहिल्या बाकावरची चष्मेवाली अजून उभीच होती.

“अणू जुळतात, मॅडम. पण भार नाही जुळत. डावीकडे नऊ, उजवीकडे पाच.”

समीकरणात एका परमँगनेटसमोर एकच लोह होतं. मॅडमनी ते क्षणभर पाहिलं आणि तळहातानंच पुसून टाकलं.

“बरोबर आहे तुझं. लोह एकच इलेक्ट्रॉन देतं. घेणाऱ्याला पाच लागतात. तेव्हा देणारेही पाच हवेत.” त्यांनी दोन्हीकडे लोहाआधी पाच लिहिलं. “आता इकडेही सतरा, तिकडेही सतरा.”

चष्मेवाली बसेना. “मग आमच्या प्रयोगाचं उत्तर असं कसं आलं? दोन्ही द्रावणं सारख्याच तीव्रतेची. वीस मिलिलिटर लोहाला परमँगनेट चारच लागायला हवं. सगळ्यांना वीस लागलं!”

“ब्युरेटची नळी फळ्याला घाबरली असेल,” मागून कुणीसं पुटपुटलं. हसू फुटलं आणि मुख्याध्यापिकांच्या आठवणीनं जागीच विझलं.

मॅडमनी परमँगनेटची बाटली खिडकीसमोर धरली. तो दाट, काळ्याकडे झुकणारा जांभळा तिच्यात नव्हताच; दिवस मावळून गेल्यावर आभाळाच्या काठाला जेवढा रंग उरतो, तेवढाच होता. पाचपट पातळ. त्यांची नजर दाराकडे गेली. तिथे प्रयोगशाळेचे मामा उभे होते, साऱ्या शाळेचे मामा. मॅडम म्हणून रुजू होण्याच्या दिवशी घरातून निघताना चपला घालता घालता ती त्यांना म्हणाली होती, “शाळेत मला काही सुचवायला येऊ नका. मामांची मुलगी म्हणतील.”

“द्रावण माझ्याकडून पातळ झालं,” मॅडम वर्गाला म्हणाल्या. “उद्या पुन्हा करू.”

मुख्याध्यापिकांनी एक ओळ लिहिली, पेन बंद केलं. घंटा झाली.

वर्ग रिकामा झाला तेव्हा मामा नळाखाली ब्युरेट धूत होते.

“माझी चूक अंगावर कशाला घेतलीत?” ते पाठमोरेच म्हणाले. “मी जाऊन सांगतो मोठ्या बाईंना.”

“चूक नव्हती ती.”

पाणी वाहत राहिलं.

“काल तुम्ही दिलेल्या कागदावर एकास एक होतं, मॅडम. तसंच यावं, म्हणून…”

“म्हणजे तुम्हाला कळलं होतं.”

“तीस वर्षं बनवतोय. पाचास एक.” त्यांनी नळ बंद केला. “एकदाही बाटलीत खोटं भरलं नव्हतं.”

ती जवळ आली. ओल्या काचेवर दोघांचे चेहरे लांबट, वाकडे दिसत होते.

“बाबा,” ती म्हणाली. या भिंतींच्या आत पहिल्यांदाच. “मला नुसतं सांगायचं होतंत. का नाही सांगितलंत?”

त्यांनी ब्युरेट उलटी करून स्टँडला लावली, टोकाशी थेंब जमेपर्यंत पाहिली. मग फ्लास्कांचा ट्रे उचलला. व्हरांड्यातून काचेची किणकिण बराच वेळ ऐकू येत राहिली, दूर दूर जात.