आत्याचा आवाज फाटायची वाट

सुलेमा आत्याच्या मानेत यंत्र बसवलं, पण ते चालू आहे की बंद हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही. प्रयोगच तसा होता. तिचं शरीर स्वतःच्याच सांध्यांना शत्रू समजून कुरतडत होतं. मानेतल्या नसेला विजेचा हलका झटका दिला की ते शांत होईल, अशी आशा. यंत्र सगळ्या रुग्णांना, वीज मात्र निम्म्यांनाच.

आत्या माँटेव्हिडिओतल्या आमच्या वस्तीच्या कार्निव्हल गायकांचे चेहरे रंगवते. गेल्या वर्षी तिची बोटं आखडली आणि एका गायकाची भुवई कानापर्यंत गेली. त्याला बक्षीस मिळालं. आत्या मात्र घरी येऊन ब्रश धुता धुता रडली. यंदा बोटं वळली नाहीत, तर ते ब्रश दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार होते.

दवाखान्याच्या बाकावर कुणीतरी सांगितलं, वीज चालू असेल तर दिवसातून एकदा मिनिटभर आवाज घोगरा होतो. झालं. आत्याचे यजमान वॉशिंग्टनकाका यांनी पाळ्या लावल्या: तिला उठल्यापासून झोपेपर्यंत बोलतं ठेवायचं.

“काय बोलू रे?” तिने मला विचारलं.

“काहीही. मला शिव्या दे.”

शिव्या दुपारपर्यंत पुरल्या. मग तिने शेजाऱ्यांना घेतलं. मग काकांच्या आईला, जी कधीच वारली होती.

“सुलेमा, कुणाबद्दल जरा चांगलंही बोल,” काका म्हणाले.

ती गप्प झाली. आम्ही घाबरलो. नेमकं तेच मिनिट हुकलं तर?

आठवडाभर आवाज खणखणीत. येर्बाचा कडू चहा नळीने ओढताना बोलता येत नाही, म्हणून काकांनी तोही बंद केला. उरुग्वेत याला अत्याचार म्हणतात. काकांचं स्वतःचं जेवणही सुटलं होतं.

मग एका दुपारी त्यांनी नुसतंच विचारलं, “बोटं कशी आहेत गं?”

“बरी आहेत,” ती म्हणाली, आणि आवाज फाटला.

काकांनी मला मिठी मारली. शेजाऱ्याने खिडकीतून विचारलं, “आली का वीज?”

“आली!” काका ओरडले.

आत्या डोळे पुसत त्यांच्याकडे बघत राहिली. कितीतरी दिवसांनी ते हसत होते.

संध्याकाळी तिचा आवाज पुन्हा फाटला. जेवताना आणखी एकदा.

“दिवसातून तीनदा?” मी म्हणालो.

“जोरात लागू पडतंय,” काका म्हणाले, कुणाकडेच न बघता. मग तिच्या आखडलेल्या बोटांपुढची ताटली आपल्याकडे ओढून तिच्यासाठी मांस कापायला लागले, अगदी लहान लहान.