जाळी मागे राहिली

मित्रांनो, मी वह्यांच्या कारखान्यातला एक जुना कटर आहे. कटर म्हणजे कागदाचे गठ्ठे कापणारे भलेमोठे लोखंडी यंत्र. मला पाहून लोक दचकतात, पण खरे सांगू? सगळ्यांत भित्रा मीच आहे. पायपट्टी दाबली की माझे पाते खाली येते. खाली कागद आहे की कुणाची बोटे, ते मला कळते; पण मला थांबता येत नाही.

राजधानीतल्या एका बोळात आमचा कारखाना होता. तिथे मी एकतीस वर्षे जागचा हललो नाही. मला बापू चालवत. माझ्यासमोर एक लोखंडी जाळी असे. ती खाली आल्याशिवाय बापू पाते उतरवतच नसत. नवा माणूस आला की बापू दोन्ही पंजे पसरून म्हणत, "मोज. दहाच्या दहा आहेत. जाळीशी मी कधी भांडलो नाही, म्हणून." मालक पाहुण्यांसमोर माझ्या धारेचे कौतुक करत. मला आधार वाटे तो जाळीचा.

मग सरकारने जाहीर केले, की जो राजधानीबाहेर कारखाना नेईल त्याला जागा आणि करात सूट मिळेल. अट एकच: ठरल्या तारखेला अधिकाऱ्यांसमोर काम सुरू झालेले दिसले पाहिजे. बोळातली जागा मालकांना परवडेनाशी झाली होती. त्यांनी होकार दिला. निम्मे कामगार घरदार सोडून यायला तयार झाले नाहीत. बापूंची बायको मात्र त्यांना म्हणाली, "तुम्ही जा. महिनाभर नव्या लोकांना शिकवा आणि परत या. कुणाला इजा झाली तर तुम्हालाच झोप लागायची नाही."

मला सुटे केले. मी एका ट्रकात, जाळी दुसऱ्या. ताडपत्रीखाली काही दिसत नव्हते. प्रत्येक वळणावर दोर करकरत, आणि आता तुटला की मी दरीत, असे वाटून माझा थरकाप होई.

पोहोचलो तेव्हा मोकळ्या माळावर पत्र्याची नवी शेड उभी होती. जाळीचा ट्रक वाटेतच बंद पडला होता, आणि तारीख दुसऱ्या दिवशीची!

बापू ट्रकची चौकशी करायला गेले, तेवढ्यात मालकांनी नव्याने लागलेल्या ताईला माझ्यासमोर उभे केले. "जाळीशिवायच हात बसव. उद्या साहेब बघून गेले की बंद करू."

दुसऱ्याच गठ्ठ्याला कागद सरकला. ताईने तो नीट करायला हात घातला. तिचा पाय पायपट्टीवरच होता. मी जीव खाऊन पाते रोखू पाहिले. लोखंडाला कुठला जीव! पाते उतरले.

तिने हात ओढला, पण कोटाच्या सैल बाहीची पट्टी कापून कागदांत पडली. ताई खाली बसली आणि एकेक बोट चाचपत राहिली. "आहेत ना हो? सगळी आहेत ना?"

बापू आले. त्यांनी मोटरचा पट्टा उतरवला आणि खांद्यावर टाकला.

"बापू, तारीख हुकली तर सूट गेली!" मालक काकुळतीला आले.

"जाऊ द्या. पण तुटलेलं बोट परत आणून देणारं सरकार अजून जन्माला यायचंय."

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. "चालू करा," म्हणाले. माझी पाचावर धारण बसली. मालकांनी ताईच्या फाटक्या बाहीकडे पाहिले आणि ते म्हणाले, "आज नाही चालणार साहेब. जाळी आलेली नाही."

अधिकाऱ्यांनी कागदावर काही खरडले आणि ते निघून गेले. त्या वर्षी सूट मिळाली नाही. मालकांना स्वतः ट्रकमधून गठ्ठे उतरवताना मी पाहिले. पण कारखाना तगला. जाळी चौथ्या दिवशी आली. ताईला शिकवून बापू महिन्याने घरी परतले.

मित्रांनो, कारखाने खुशाल गाव बदलोत. पण घाई झाली की माणसे जीव वाचवणारी वस्तूच आधी बाजूला ठेवतात. तेवढे करू नका. यंत्र सुरू करण्याआधी समोर कुणाचा हात आहे, ते बघा. आता ताई मला सफाईने चालवते. काम करता करता शेजारणीशी गप्पाही मारते. तिची भीती पार गेली आहे, आणि हल्ली मला त्याचीच धास्ती वाटते.