सैल झालेली काचळी

मी गुळवेल बोलतेय. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. मी मुळातच कडू, त्यात सध्या माझं डोकं फिरलंय.

सिद्धेश्वर धरणाजवळच्या तांड्यावर एका कडुनिंबावर मी वाढले. ताप आला की लोक माझं बोटभर कांड तोडायचे, ठेचून काढा करायचे. तेवढं मला झेपत होतं.

मग त्या कडुनिंबासमोरच राहणाऱ्या मनकर्णाबाईंच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. त्याच आठवड्यात त्यांच्या मुलाच्या, प्रेमदासच्या मोबाइलवर माझी कीर्ती येऊन धडकली: ‘गुळवेल स्तनाच्या कर्करोगाचा फैलाव रोखू शकते.’ अहो, प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर माझा अर्क टाकला, त्यांची वाढ मंदावली, एवढंच! माणसाच्या अंगात काय होईल, हे अजून ठरलेलं नाही. पण या शहाण्यानं ‘शकते’ गिळलं आणि ‘रोखते’ म्हणून तांडाभर सांगत सुटला.

“काहून कापाकापी करायची? दारातच औषध हाय,” तो म्हणाला. तारीख निघून गेली.

रोज सकाळी विळा घेऊन हजर. मनकर्णाबाई तोंड वाकडं न करता पेला रिकामा करायच्या. दोन महिन्यांत त्यांची आरशांची काचळी, पाठीवर नाड्यांनी बांधायची चोळी ती, सैल झाली.

“पाहा, गाठ उतरून राहिली!” प्रेमदास नाचायचाच बाकी होता. बाया मला हळदकुंकू लावू लागल्या. मला शिसारी आली.

एके सकाळी माझ्याच सावलीत सासूच्या काचळीच्या नाड्या बांधताना प्रेमदासच्या बायकोचा, दिपाचा हात थबकला. तांड्यात आईला याडी म्हणतात. दिपा नवऱ्यावर कडाडली, “गाठ न्हाई, तुमची याडी उतरून राहिली! बरगड्या लागतात हाताला. काखेतबी गाठ आलीय.”

“मला म्हायती हाय,” मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या. “पोरगं येवढं धावून राहिलं माझ्यासाठी. त्याला कसं सांगू?”

त्याच दिवशी त्यांना नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, आजार पसरलाय, आता लगेच ऑपरेशन करता येणार नाही. प्रेमदास परत आला तो कुऱ्हाड घेऊनच. “तू फसवलंस मला!” म्हणत त्यानं माझं खोड बुडापासून तोडलं.

मी फसवलं? मी तर कधी तोंडच उघडलं नव्हतं.

मला तपासा, पारखा, खुशाल उकळा; पण डॉक्टरांनी दिलेली तारीख माझ्या भरवशावर चुकवू नका. माझं काय, बुडापासून तोडलं तरी मी फांदीवरून मुळ्या सोडीन आणि पुन्हा माती धरीन. मनकर्णाबाईंना ते जमणार नाही, प्रेमदास.