आमचंही अगदी तसंच

चाळीस वर्षं लोकांच्या दाढ्या करण्यात गेलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं काय असणार, असं म्हणत त्याने मुलीला आठवडाभर टोलवलं. पण परगावी निघण्याआधी बाबांची सगळी कहाणी त्यांच्याच आवाजात बरोबर न्यायची, असा तिने हट्टच धरला होता, आणि हट्टाच्या बाबतीत ती थेट आईवर गेली होती. शेवटी हात थरथरू लागल्यापासून बंद असलेल्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत त्याला बसवून तिने समोर फोन ठेवला.

लहानपणी नदीत बुडता बुडता वाचल्यापासून त्याने सुरुवात केली, आणि बोलता बोलता तो स्वतःच चाट पडला. घरातून पळून जाणं काय, मालगाडीतून केलेला प्रवास काय! आपलं आयुष्य अगदीच वाया गेलेलं नाही, हे या वयात कळल्यावर त्याला त्या रात्री शांत झोप लागली.

सकाळी जुनं गिऱ्हाईक असलेले मास्तर डोकावले. मुलीने कौतुकाने त्यांना ते रेकॉर्डिंग ऐकवलं.

"अरे, नदीत पडलो तो मी!" मास्तर खो खो हसले. "याच खुर्चीत बसून सांगितलं होतं तुला. तू म्हणालास, आमचंही अगदी तसंच झालं होतं."

तसं तो सगळ्यांनाच म्हणायचा. गिऱ्हाइकाला बरं वाटतं, ते पुन्हा आपल्याकडेच येतं, ही धंद्यातली साधी गोष्ट. संध्याकाळपर्यंत पळून जाणं पोस्टातल्या कारकुनाचं निघालं आणि मालगाडी शेजारच्या शिंप्याची. सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. त्याचा मात्र धीर सुटला. उद्या पोर जाणार, आणि तिच्या हाती द्यायला आपलं स्वतःचं काहीच नसावं?

"माझ्या जन्माची गोष्ट सांगा," मुलगी समजूत घालत म्हणाली. "ती कोण पळवणार आहे?"

त्याचा चेहरा उजळला. ती भर दुपार त्याला लख्ख आठवत होती.

"दारात निरोप आला, मुलगी झाली! गिऱ्हाइकाची दाढी अर्धीच झालेली. तरी वस्तरा टाकला आणि धूम ठोकली बाहेर. मग काय, नुसतं बसून राहायचं. पंखा फिरतोय, फेस वाळतोय, गालाची कातडी ताणली जातेय. खाजवावं म्हटलं तर हात कापडाखाली..."

मुलगी हसता हसता थांबली.

"कुणाचे हात, बाबा?"

फोनवरचे सेकंद पुढे सरकत राहिले.

"बाबा?" तिने पुन्हा हाक मारली, आणि तोही मान न हलवता वाट पाहत राहिला, दारातून पळत गेलेला तो माणूस तिला ओ द्यायला कधी परत येतो याची.