पाच सवाशिणी

चांदवडला अहिल्याबाई होळकरांच्या जयंतीला महिला मंडळाची जुनी पद्धत होती. पाच सवाशिणींनी राणीच्या तसबिरीला ओवाळायचं. मंडळाच्या अध्यक्ष मंगलाबाई, आणि पहिलं ताट दरवर्षी त्यांच्या धाकट्या जावेचं, हर्षालीचं. पण गेल्या दिवाळीत हर्षालीचा नवरा जीवन हायवेवर अपघातात गेला आणि मंगलाबाईंपुढे पेच पडला.

मंगलाबाई काही दुष्ट नव्हत्या. जावेवर त्यांचा जीव होता. पण चार बायका नाकं मुरडतील, ही धास्ती त्याहून मोठी ठरली! पहाटेपासून तसबिरीसाठी हार ओवत बसलेल्या हर्षालीला त्या म्हणाल्या, "तू यंदा मागं प्रसादाचं बघ."

"बरं, ताई," एवढंच म्हणून हर्षाली उठली. ती भांडली असती तर मंगलाबाईंना बरं वाटलं असतं.

खुर्चीवर बसलेल्या सासऱ्यांनी, मल्हारीअण्णांनी, सगळं ऐकलं होतं. मंगलाबाई तसबिरीला कुंकू लावायला गेल्या, तशी त्यांनी हाक मारली.

"मंगला, ही फोटोतली बाई सवाशीण हाय का गं?"

मंगलाबाईंचं बोट तिथंच थांबलं. तसबिरीतलं ते पांढरं लुगडं त्या वर्षानुवर्षं बघत होत्या, पण त्याचा अर्थ आज ध्यानात आला!

"नसंल, तर तिलाबी ने मागं, प्रसादाकडं."

"अण्णा, लोक नावं ठेवतील..."

"खंडेराव गेले, तवा सासऱ्यानं, मल्हाररावांनी, अहिल्याबाईला सती जाऊ दिलं नाय. राज्य चालवायला शिकवलं. मी नुसता नावाचा मल्हारी! माझ्यापाशी राज्य नाय, पोरी. एक ताट तरी माझ्या सुनेच्या हातात ऱ्हाऊ दे."

मंगलाबाई तडक मागे गेल्या. हर्षाली शिऱ्याच्या पातेल्यापाशी पदरानं डोळे पुसत होती.

"चल, ताट धर."

"नको ताई, लोक..."

"लोकांचं मी बघते. चुकलं माझं."

मग त्यांनी माईक हातात घेतला. "पाच सवाशिणी" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते गिळून त्या म्हणाल्या, "ज्यांना ज्यांना ओवाळायचंय, त्या सगळ्या बायांनी पुढं यावं!"

पहिली हर्षाली आली. तिच्या मागून, शेवटच्या रांगेतून, म्हाताऱ्या लंकाबाई बिचकत उठल्या. नवरा गेल्यापासून त्यांनी ओवाळणीच्या ताटाला हात लावला नव्हता.

"मी आले तर चालंल का गं?"

मंगलाबाईंनी त्यांच्या हातात ताट दिलं. हर्षालीनं ताटाला खालून हात लावला.

मंडळी, एका विधवा राणीच्या उत्सवात आपण विधवांनाच मागे बसवत होतो! राणीचा जयजयकार जरूर करू, पण आधी आपल्या घरातल्या हर्षालीला पुढे बोलावू.