कीड लागलेलं घर

मेरेतेनं माशांच्या पिंपातलं खारं पाणी उंबऱ्याबाहेर भिरकावलं, ते नेमकं एस्बर्नच्या बुटांवर पडलं.

"दिसला नाहीत तुम्ही," ती म्हणाली.

"दिसलो," एस्बर्न म्हणाला आणि त्यानं बूट गवतावर घासले. त्याच्या एका हातात कुऱ्हाड होती, दुसऱ्यात पटाशी. मागे शिपायांचा नाईक, दोन शिपाई आणि बैलगाडीसोबत आलेली गावातली चार माणसं उभी होती. गाव म्हणायचं आपलं. ओरेहावनमध्ये आता मेरेतेच्या घराखेरीज उभी भिंत उरली नव्हती. चर्चची घंटासुद्धा उतरवून नेली होती.

राजाचा हुकूम उन्हाळ्याच्या तोंडावर आला होता. सीमेच्या ओढ्यापलीकडे स्वीडनचं जंगल, आणि अलीकडे हे तटबंदी नसलेलं गाव. असलं गाव म्हणजे शत्रूसाठी भरून ठेवलेलं कोठार, असं कुणीतरी राजाच्या मनात भरवून दिलं. दक्षिणेला खाडीच्या टोकावर नवा कोट बांधला गेला. प्रत्येकानं आपलं घर ओंडका ओंडका सोडवून तिकडे न्यायचं आणि पुन्हा उभं करायचं. शरदातल्या संत मिखाएलच्या सणानंतर जी भिंत उभी दिसेल ती जाळायची. सण परवा होऊन गेला होता. एस्बर्न गावच्या पंचांपैकी. घरं तपासून, पुन्हा जोडता यावीत म्हणून ओंडक्यांवर क्रमाच्या खुणा करायचं काम त्याच्याकडे होतं, आणि तेवीस घरं त्यानं तशी पाठवली होती.

मेरेते हलली नव्हती. कोटाचे दरवाजे रोज रात्री बंद होणार होते आणि कोटात नाव असलेल्या कुणी ओढा ओलांडला तर त्याला फाशी होती. तिची एकुलती एक लेक ओढ्यापलीकडे होती, आणि पोटुशी होती.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुणाला? तीन वर्षांपूर्वी स्वीडनशी झालेल्या लढाईत एस्बर्नचा मुलगा तूवे त्याच ओढ्याच्या उतारावर पडला. त्या शरद ऋतूत तूवे आणि मेरेतेची लेक सिसेला यांचं लग्न व्हायचं होतं. वर्ष उलटायच्या आत सिसेला ओढा ओलांडून गेली आणि पलीकडच्या हॉकनशी लग्न लावून बसली. तेव्हापासून चर्चमध्ये मेरेतेच्या बाकावर कुणी बसत नसे. एस्बर्ननं तर तिचं नावसुद्धा तोंडातून काढलं नव्हतं.

"आतून तपासायचंय," तो म्हणाला. "तू बाहेर थांब."

"माझ्या घरात तुम्ही, आणि मी बाहेर?"

"घर आता राजाचं आहे, बाई," नाईक म्हणाला. "बाजूला हो."

ती पिंप उपडं घालून त्यावर बसली. एस्बर्ननं दार लावून घेतलं. आतून ठकठक ऐकू यायला लागली आणि बराच वेळ थांबेना. गावाचे पाव भाजणारी रिक्के गाडीला टेकून उभी होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कोटात हिला जागा कुणाच्या शेजारी देणार? माझ्या शेजारी नको हं. रात्री भिंतीला कान लावून बसायची, आणि सकाळी जावयाला निरोप."

"तुझ्या घरात ऐकण्यासारखं काय असतं?" मेरेते म्हणाली. "नवऱ्याचं घोरणं?"

एक शिपाई हसला. रिक्केचं तोंड लाल झालं.

एस्बर्न बाहेर आला. त्याच्या दाढीत लाकडाचा भुसा अडकला होता. कुणाकडेही न बघता त्यानं कुऱ्हाडीनं दाराच्या चौकटीवर मोठी फुली मारली.

"कुजलंय," तो नाईकाला म्हणाला. "खालपासून वरपर्यंत कीड आहे. असलं लाकूड कोटात नेलं तर बाकीच्या घरांना लागेल."

मेरेते उठली. "कीड? माझ्या नवऱ्यानं एकेक झाड स्वतः निवडून पाडलं होतं. नुसता गाभा वापरलाय."

"मी तपासलंय."

"लाकूड नाही, तर कोटात जागाही नाही," नाईक म्हणाला. "नियम आहे. तुझं नाव आम्ही उतरवून घेणार नाही."

"मग मी जाऊ कुठे?"

नाईकानं खांदे उडवले. मेरेतेनं एस्बर्नची बाही धरली. "तीन वर्षं याचीच वाट बघत होतात ना?"

त्यानं बाही सोडवून घेतली. पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, आणि त्या नजरेत दयामाया नव्हती. "कोटात रोज सकाळी तुझं तोंड बघायची माझी इच्छा नाही. जा जिथं जायचं तिथं."

रिक्के हसली. पण बाकी कुणी हसलं नाही, तशी तीही गप्प झाली.

"लावा आग," नाईक म्हणाला.

"चार दिवस पाऊस झालाय," एस्बर्न म्हणाला. "छपरावरची माती नुसती ओली आहे. धूर तेवढा होईल. पलीकडच्यांना वाटेल आपण कुणाला इशारा देतोय, आणि धावून येतील. छप्पर उतरवू, ओंडके मोकळे करू, वारा लागू दे. दोन दिवसांनी मी जाळून टाकतो."

नाईकाला भूक लागली होती. तो कबूल झाला.

दुपारभर घर उतरत राहिलं. बाकीची माणसं ओंडके ढकलून द्यायला निघाली होती, पण एस्बर्ननं कुणाला हात लावू दिला नाही. प्रत्येक ओंडका त्यानं स्वतः दोर लावून खाली घेतला. स्वतःच्या हातांनी पाडल्याशिवाय याला समाधान नाही, असं मेरेतेच्या मनात आलं. गाडी निघाली तेव्हा त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

अंधार पडायच्या आत ती ओढ्यावर गेली आणि तिनं हाक मारली. दुसऱ्या दिवशी सकाळीच हॉकन बैलांच्या दोन जोड्या घेऊन उतारावरून अलीकडे आला. सिसेला ऐकेना, तीही पोट सावरत मागून आली.

हॉकननं पहिला ओंडका उलटा केला आणि तो थांबला. "आई, हे कुणी केलं?"

ओंडक्याच्या आतल्या अंगाला, टोकाशी, पटाशीची ताजी खाच होती. दुसऱ्यावर दोन. पुढच्यावर तीन, आणि खाली आडवी रेघ, उत्तरेच्या भिंतीची खूण. त्यांनी ढिगाऱ्यातला प्रत्येक ओंडका पाहिला. एकही सुटला नव्हता. हॉकननं कुऱ्हाडीचा मागचा भाग त्यावर आपटून पाहिला. खणखणीत आवाज आला.

"याला कुजकं कोण म्हणालं? आंधळा होता का तो?"

मेरेते खाचेकडे बघत राहिली. जाळायच्या लाकडावर कुणी आकडे घालत नाही.

"एस्बर्नकाका?" सिसेलानं हळूच विचारलं.

मेरेतेनं खाचेतला भुसा अंगठ्यानं झाडला.

"उद्या ते जाळायला आले आणि लाकूडच नसलं तर?" हॉकन म्हणाला.

"काय सांगायचं ते त्याचं तो बघेल."

सिसेला डोळे पुसत होती. "चीजचे दोन मुरलेले गोळे आहेत घरी. कोटाकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवू त्यांना."

"नको."

"का?"

"फेकून देईल तो," मेरेते म्हणाली. "आणि खाल्लेच, तर ते मला चालायचं नाही." तिनं घागऱ्याला हात पुसले आणि ओंडक्याच्या टोकाशी वाकली. "तू वाकू नकोस, बैल धर. हॉकन, तिकडून उचल. आधी उत्तरेची भिंत."